शोध लागला, गावाला कधी कळणार?

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव काही आडवळणाचं गाव नाही. अकोला घ्या की अमरावती, सकाळी निघून काम उरकून दिवेलागणीला घरी परतता येतं. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीला त्याच विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि तिथं सोयाबीनच्या वाणांवर वर्षानुवर्षं काम चालतं. नागपूरला १९७६ पासूनची केंद्रीय कापूस संशोधन संस्था. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यात करड्याला. एवढं सगळं हाताशी असताना ऑगस्टात सोयाबीन पिवळं पडायला लागलं की इथला शेतकरी यांपैकी कुठंच जात नाही. एक झाड मुळासकट उपटतो, पिशवीत घालतो आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवतो. "भाऊ, पाहा बरं हे. काय मारू?"

दुकानदार पान उजेडाकडे धरतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडलंय. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या वावरात हे नेहमीचंच. हिरवे-पिवळे चट्टे वेडेवाकडे पसरले असतील तर पिवळा मोझॅक, म्हणजे विषाणू, आणि त्याला शेजारच्या वावरातून घेऊन येणारी पांढरी माशी. खोड उभं चिरल्यावर आत अळी सापडली तर खोडमाशी नाही तर चक्रीभुंगा. वरून सगळं पिवळंच दिसतं, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. विषाणूवर बुरशीनाशक मारलं तर फक्त पैसे जातात. यातली एकही गोष्ट नव्याने शोधायची राहिलेली नाही. सगळं तपासून, छापून झालेलं आहे. दुकानदाराला त्यातलं थोडं ठाऊक असतं, थोडं नसतं, आणि हंगामाच्या गर्दीत खोड चिरून पाहायला सवड नसते. मग तो एक अळीची, एक बुरशीची आणि एक टॉनिकची अशा तीन बाटल्या पुढे सरकवतो. कशानं ना कशानं फरक पडेल. पैसे दिवाळीनंतर.

मला दुकानदाराला नावं ठेवायची नाहीत. गावातल्या गावात, विचारल्याबरोबर, शेतकऱ्याच्या बोलीत उत्तर देणारा तोच एक आहे. २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारलं होतं, की शेतीच्या नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते. शंभरातल्या साठ कुटुंबांचं उत्तर होतं, कुठूनच नाही. ज्यांना मिळत होती त्यांत पहिला नंबर गावातल्या प्रयोगशील शेतकऱ्याचा आणि दुसरा खतं-औषधं विकणाऱ्याचा. सरकारी विस्तार कर्मचारी रेडिओ, टीव्ही आणि वर्तमानपत्र यांच्याही मागे होता. हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने त्याच वर्षी विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली ती उगाच नव्हे. लोक ज्याला विचारतात त्यालाच शिकवा, हा त्यामागचा व्यवहारी विचार. संशोधन लोकांपर्यंत नेण्याच्या सरकारी कल्पनांत मला ही सर्वांत शहाणी वाटते.

'विकसनशील देशांतील संशोधन-माहितीची उपलब्धता' असं या पुस्तकाच्या विषयाचं कागदोपत्री नाव आहे. नाव ऐकल्यावर जिनिव्हातल्या सभागृहाचा वास येतो, आणि तो खोटाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये 'हिनारी' नावाची योजना काढली. गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा नाममात्र दरात मिळावीत म्हणून मोठ्या प्रकाशकांना तिथं राजी केलं गेलं. पुढच्या वर्षी अन्न व कृषी संघटनेने शेतीविषयासाठी 'अगोरा' सुरू केली. दोन्ही चांगल्या योजना, पण भारत त्यांच्या यादीत बसत नाही. गरिबी कमी झाली म्हणून नव्हे. इथली बाजारपेठ मोठी आहे, इथल्या संस्था पैसे मोजतात, आणि चालतं गिऱ्हाईक फुकटात सोडायला कुठला व्यापारी तयार होईल? त्यामुळे आपली गत मधल्या भावासारखी झाली. श्रीमंतांच्या पंगतीत पान नाही आणि गरिबांच्या पंगतीत बसू देत नाहीत.

पैशांचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू. सोयाबीनच्या मोझॅकवर एखादा चांगला लेख मोबाइलवर सापडला, तर त्याचा गोषवारा फुकट वाचता येतो. 'पूर्ण लेख' या अक्षरांवर बोट ठेवलं की तीस ते चाळीस डॉलरचा आकडा समोर येतो. पस्तीस धरले तरी रुपयांत तीन हजारांच्या घरात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एक लेख वाचायला अर्ध्या क्विंटलहून जास्त सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. त्यात गंमत अशी, की तो लेख लिहिणारा संशोधक बऱ्याचदा आपल्याच करातून पगार घेणारा, प्रयोगाचं वावर सरकारी, आणि लेख तपासून देणाऱ्या तज्ज्ञांनी त्याबद्दल छदाम घेतलेला नाही.

इथं मला वाचकाला कामरगावाहून तालुक्याच्या गावी न्यायचं आहे, कारण ज्ञान कुलपात असणं आणि ते कुलूप उघडणं याचा पुरा इतिहास तिथं घडून गेलाय. कारंजा लाड म्हटलं की लोकांना श्रीनृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान आठवतं. त्याच गावात दिगंबर जैनांची सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरं आहेत आणि त्यांची जुनी शास्त्रभांडारं. पोथ्या कापडी बासनात बांधून ठेवलेल्या. बासनात गुंडाळणं म्हणजे अडगळीत टाकणं असं आपण आज म्हणतो, पण त्या बासनांनीच कितीतरी ग्रंथ कसरीपासून आणि दमटपणापासून वाचवले. फक्त आत काय आहे हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

ते कळलं १९२६ साली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली, ती त्या वर्षी नागपूरला छापून आली आणि कारंज्याच्या भांडारांत काय दडलंय याचा अभ्यासकांना पत्ता लागला. या कामात दुसरे एक हिरालाल होते. वाचकाने दोघांची गल्लत करू नये. हे प्रा. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत. कारंज्याच्या पोथ्यांत त्यांना अपभ्रंश भाषेतली काव्यं मिळाली, आणि हे घबाडच होतं. प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधला दुवा म्हणजे अपभ्रंश, आणि त्यातलं साहित्य तेव्हा फारसं उपलब्धच नव्हतं. मग कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ मध्ये दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं. १९३३ मध्ये त्याच कवीचं 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ मध्ये मुनी कनकामरांचं 'करकंडचरिउ' हिरालाल जैनांनी. हजार वर्षं बासनात राहिलेला कवी तीन वर्षांत जगाच्या ग्रंथालयांत गेला.

त्याहून मोठी हकीकत 'धवला'ची. षट्खंडागम या दिगंबरांच्या सर्वांत प्राचीन आगमग्रंथावर आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात लिहिलेली ही प्रचंड टीका. तिची ताडपत्रं उरली होती ती फक्त कर्नाटकातल्या मूडबिद्रीला, जुन्या कानडी लिपीत. दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही, अशी स्थिती कैक पिढ्या होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या तिथे नक्कल करायला परवानगी मिळाली, पण नक्कलही बाहेर जाऊ द्यायची नाही या अटीवर. नक्कल करणाऱ्या पंडिताने मग घरी गुपचूप आणखी एक प्रत उतरवली. ती सहारनपूरला गेली. तिथं तिचं नागरीत लिप्यंतर करणाऱ्या दुसऱ्या पंडिताने आपल्यासाठी एक प्रत ठेवून घेतली, आणि त्या प्रतीच्या प्रती होत होत ग्रंथ आरा, अमरावती, कारंजा असा पसरला. अमरावती, कारंजा आणि आरा इथल्या प्रती एकमेकींशी ताडून हिरालाल जैनांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड काढला. पुढे वीसेक वर्षांत सोळा खंड झाले. पहिले खंड पाहिल्यावर मूडबिद्रीकरांचाही विरोध मावळला आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडायला त्यांनी मदत केली.

ही चोरी होती का? मूडबिद्रीच्या विश्वस्तांना विचारलं असतं तर त्यांनी होय म्हटलं असतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेकडो वर्षं ती ताडपत्रं त्यांनीच सांभाळली. आज हाच वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयात चालू आहे. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीने २०११ मध्ये 'सायहब' सुरू केलं आणि प्रकाशकांच्या कुलपातले लाखो लेख कुणालाही मिळू लागले. भारतातल्या संशोधकांनी त्याचा किती वापर केला हे उघड गुपित आहे. तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती साइट भारतात बंद करायला सांगितलं. कायद्याच्या बाजूने बघितलं तर वेगळा निकाल लागणं अवघडच होतं. मला त्यात लक्षात घ्यावंसं वाटतं ते निराळंच आहे. धवलेची चोरटी प्रत तशीच राहिली असती तर तिचा उपयोग चार पंडितांना झाला असता. ती ग्रंथ म्हणून उभी राहिली याचं कारण त्या कामात सूची होती, पाठभेद लावण्याची चिकाटी होती, आणि प्रत्येक पानावर मूळ प्राकृताखाली हिंदी अनुवाद होता. कुलूप काढण्याचं काम एका रात्रीत होऊ शकतं. उरलेल्याला वीस वर्षं लागली.

आपल्याकडे सध्या जी काही धडपड चालू आहे ती बहुतेक कुलपाचीच आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना मंजूर केली आणि जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, ६,३०० सरकारी संस्था, एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक. गांधीनगरचं 'इन्फ्लिबनेट' केंद्र तिचं काम पाहतं. हे थोडंथोडकं नाही. आधी एकेक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी भरत असे आणि ज्याची ऐपत नाही ते गप्प बसत असे. पण दार उघडलं ते संस्थेला, माणसाला नव्हे. जिथे सरकारी महाविद्यालय किंवा प्रयोगशाळा आहे तिथवर ते पोचलं. आपल्या भागातली बहुतेक महाविद्यालयं खासगी संस्थांची, अनुदानित. ती पहिल्या टप्प्यात नाहीत. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटचीच २०१० पासूनची 'एन-लिस्ट' आहे, जिचा पासवर्ड ग्रंथपालाकडून मागून घ्यावा लागतो. तो मागणारे विद्यार्थी किती, हे ग्रंथपालांनीच सांगावं. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, कृषी पदवीधर होऊन शेतीच करणारा पोरगा, तालुक्याचा वार्ताहर यांना यातलं काहीच लागू नाही. खासगी संस्था पुढच्या टप्प्यात आणि सार्वजनिक वाचनालयांतून सर्व नागरिकांना त्याच्याही पुढच्या टप्प्यात, असा आराखडा आहे.

त्या शेवटच्या टप्प्याकडे मी डोळे लावून बसलोय, आणि त्याविषयी मला शंकाही आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांची हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. ड वर्गाचं वाचनालय म्हणजे काय, हे गावातल्या माणसाला सांगायला नको: एक खोली, दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं आणि अनुदान आलं की पगार घेणारा एक कर्मचारी. तिथं तेरा हजार नियतकालिकांची किल्ली आणून ठेवली तर ती खिळ्यालाच लटकत राहील.

आणि ठेवली नाही तरी बरंच काही आजच उघडं आहे, हेही कबूल करावं लागतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये खुल्या प्रवेशाचं धोरण स्वीकारलं. तिची स्वतःची नियतकालिकं कुणालाही वाचता येतात. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' नावाच्या भांडारात आहेत. इतर विद्यापीठांचे 'शोधगंगा'त. अकोल्याच्या विद्यार्थ्याने विदर्भातल्या सोयाबीनवर, तुरीवर, कपाशीवर केलेलं काम तिथं सापडतं. अडचण ते उघडल्यावर सुरू होते. दीडशे पानं इंग्रजी, त्यातली साठ पानं आधी कोणी काय म्हटलंय याची, मग सांख्यिकीचे तक्ते, आणि ज्या दोन ओळींसाठी शेतकरी आला त्या शेवटून तिसऱ्या पानावर. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रबंध परीक्षकासाठी लिहिलेला असतो आणि परीक्षकाला तो पटला की त्याचं काम झालं.

त्या प्रबंधांतून, प्रयोगांतून शेतकऱ्यापर्यंत येणारी अधिकृत वाट एकच आहे आणि तिचं नाव शिफारस. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक दरवर्षी भरते, तिला सगळे 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात. तिथं नवे वाण, अवजारं, लागवडीची तंत्रं मांडली जातात, त्यांवर खल होतो आणि जी टिकतात त्यांची शिफारस होते. मग ती विद्यापीठाच्या 'कृषी संवादिनी'त येते, 'शेतकरी' मासिकात येते, 'अ‍ॅग्रोवन'मध्ये बातमी होते. अकोल्याच्या शिवारफेरीत तर माणूस प्रत्यक्ष वावरात उभा राहून, झाड हातात धरून विचारू शकतो, आणि मला विचाराल तर शंभर पुस्तिकांपेक्षा ती फेरी मोलाची आहे. पण शिफारशीत निष्कर्ष असतो, कारण नसतं. कुठल्या जमिनीत प्रयोग झाला, पाऊस किती होता, किती वर्षं पाहिलं, कुठं फसला, हे गळून जातं. कामरगावच्या मुरमाड वावरातल्या शेतकऱ्याला नेमकं तेच हवं असतं, कारण त्याला ठरवायचं असतं की ही शिफारस माझी आहे की काळ्या कसदार जमिनीवाल्याची.

या जागी आरोग्याचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण तिथं गोष्ट वेगळी घडली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था उभी केली. १९८९ मध्ये राणी बंग यांचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये आला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, असं त्यात होतं. जगभर त्यावर चर्चा झाली. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच नियतकालिकात नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग आला. एकोणचाळीस गावांत गावच्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घ्यायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं हे त्यांना शिकवलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा लेख कामरगावात कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. तरी तो तिथं पोचला आहे. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळ दवाखान्यातून घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. पिशवीत तापमापी, झोळीचा वजनकाटा आणि एक फॉर्म. त्या फॉर्ममधल्या रकान्यांत गडचिरोलीतली दहा वर्षं आहेत. एका बाळामागे आशाताईला २५० रुपये मिळतात. हा मोबदला किती तुटपुंजा आहे हा निराळा आणि रागाचा विषय. पण कुणाला तरी ते घरापर्यंत न्यायचं काम नेमून दिलं होतं, त्याचे पैसे ठरले होते, म्हणून ते गेलं. सोयाबीनच्या पानाकडे बघायला अशी कुणी ताई नाही. कृषी सहायक आहे, त्याच्याकडे गावंही बरीच आणि पंचनामे, नोंदण्या, अनुदानाचे अर्ज यांचा ढीगही तेवढाच. म्हणून काउंटर.

काउंटरवर किती महागात पडू शकतं हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी अनेक गोष्टी जुळून आल्या: कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, औषधांची मिश्रणं, चीनमधून आलेले बॅटरीचे पंप, तोंडाला फडकं नाही. पण कुठलं औषध किती घातक, कशात मिसळू नये, अंगावर उडालं तर काय करावं आणि डॉक्टरने उतारा काय द्यावा, ही माहिती त्या प्रत्येक खोक्यात होती. कीटकनाशकाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो, तो कधी उलगडून पाहा. टेबलभर पसरतो. डझनभर भाषांत तोच मजकूर, त्यात मराठीही, आणि टाइप असा की भिंग लागावं. कायद्याचं समाधान होतं, वाचणाऱ्याचं नाही. त्याच बाटलीवर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विषशास्त्राची अख्खी प्रयोगशाळा त्या चार रंगांत उतरलीय आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही ती कळू शकते, फक्त लाल म्हणजे काय हे एकदा कुणीतरी सांगायला हवं.

आतापर्यंत मी असं लिहिलं, जणू ज्ञान वरून खाली येतं आणि गाव नुसतं ओंजळ धरून उभं आहे. नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंची आठवण ठेवली तर हे चित्र मोडतं. हे नांदेड चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं. तुकडाभर जमिनीचा हा धान उत्पादक. १९८३ मध्ये आपल्या बांधीत 'पटेल ३' या वाणात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार केला. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकांच्या हातात होती, तेच नाव पडलं. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण कृषी विद्यापीठाच्या नावाने बाहेर आला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही त्याचं शुद्धीकरण केलं. खोब्रागडेंचं म्हणणं, मूळ माझं होतं. ते २०१८ मध्ये गेले. मान मिळाला तो बराच उशिरा आणि बराचसा बाहेरून. माहितीच्या उपलब्धतेवर बोलताना ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही. संशोधकाला गावातली माहिती किती सहज मिळते! आशाताईच्या नोंदी, शेतकऱ्याचं बियाणं, मातीचे नमुने, रक्ताचे नमुने. परत येताना मात्र वर्गणी लागते.

उलट उदाहरण मुंबईचं. केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय यांच्या अध्यापकवर्गाचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. २००१ च्या सुमारास त्यांनी ते सगळं जाळ्यावर फुकट ठेवलं, लेखकाकडूनही पैसे न घेता. डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत त्याच धर्तीवर 'मेडनो' सुरू केलं आणि देशभरातली कितीतरी वैद्यकीय नियतकालिकं उघडी केली. बुडापेस्टला खुल्या प्रवेशाचा जाहीरनामा निघाला तो २००२ मध्ये, म्हणजे आपण काही जगाच्या मागे नव्हतो. २०११ मध्ये मेडनो एका बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतलं. आता जगात खुल्या प्रवेशाचा अर्थच पालटलाय: वाचणारा फुकट वाचतो, पण लिहिणाऱ्याने पैसे मोजायचे. 'नेचर'ने २०२१ मध्ये एका लेखासाठी ९,५०० युरोंचा दर लावला. विदर्भातल्या महाविद्यालयातला प्राध्यापक ते कुठून आणणार? मग तो हजार-दोन हजारांत छापून देणाऱ्या दुकानांकडे वळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा एक गट पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा त्यातली बहुसंख्य निकृष्ट निघाली. उघडं आहे म्हणून खरं आहे असं धरून चालण्यासारखी स्थिती राहिलेली नाही, आणि याचा त्रास सर्वांत जास्त ज्याला पारख करायला कुणी शिकवलेलं नाही त्याला.

पुढच्या पानांत धोरणं, कायदे, करार येतील. ज्याला आज संध्याकाळीच काही हवं आहे त्याच्यासाठी इथंच सांगून ठेवतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ पासून चालू आहे आणि मराठीत उत्तर मिळतं. झाडाचं वर्णन करताना नवं पान की जुनं, शिरा हिरव्या की पिवळ्या, वावरात पाणी साचलं होतं का, एवढं आधी बघून ठेवावं. मराठी विश्वकोश पूर्ण उघडा आहे. कृषिकोशात शोधताना पिकाचं इंग्रजी नाव आणि शेजारी 'अकोला' टाकावं, आणि प्रबंध उघडला की सरळ शेवटच्या प्रकरणावर जावं. आणि एखादा लेख तीन हजार रुपयांच्या भिंतीआड असेल तर गोषवाऱ्याखाली लेखकाचा ईमेल पत्ता असतो. आपण कोण, किती एकरात काय पेरतो आणि लेख कशासाठी हवा, हे चार ओळींत लिहून पाठवावं. मराठी नाव दिसलं तर मराठीतच लिहावं. आपला लेख कुणी शेतकरी मागतोय हे बहुतेक संशोधकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असतं. ते पाठवतात, आणि बऱ्याचदा तुमच्या वावरात यंदा काय दिसलं हेही विचारतात. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहावं.